लाजेत गेलेले तास

सकाळी 8. पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात राउंड. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात भेटतात, म्हणून आमच्या सरकारी रुग्णालयात साक्रीचा शेतकरी, चोपड्याकडचा केळीच्या बागेतला मजूर आणि वाटेत आजारी पडलेला ट्रकड्रायव्हर शेजारशेजारच्या खाटांवर असतात. दारालगतच्या खाटेवरच्या बाबांना लघवीची नळी दुसरीकडे घातलेली होती. घालताना चामडी मागे सारली, ती परत पुढे ओढायची राहून गेली. रात्रभरात त्या चामडीचा फास बसला आणि पुढचा भाग सुजून टम्म झाला. बधिर करणारी जेली लावली, गॉज गुंडाळला आणि मुठीत धरून दाबत राहिलो. घाईत हे होत नाही. सूज ओसरेपर्यंत दाब सोडायचा नाही. दहा मिनिटांनी चामडी सुळकन पुढे आली. बाबांनी डोळे मिटून घेतले. शिकाऊ डॉक्टरांना तिथेच सांगितलं, नळी घातली की चामडी पुढे आणल्याशिवाय खाट सोडायची नाही. आणखी उशीर झाला असता तर रक्तपुरवठा तुटून तो भाग सडू शकला असता.

साडेनऊ. ओपीडी. ‘खालची तक्रार’ असलेला माणूस सहसा रांगेत पुढे येत नाही. केसपेपरवर पोटदुखी लिहून घेतो आणि गर्दी कमी व्हायची वाट बघतो. मी पडदा ओढतो, सोबतच्या बाईमाणसांना बाहेर थांबायला सांगतो आणि अहिराणीत विचारतो, “काय जायं भाऊ?” घरची बोली ऐकली की निम्मी लाज जाते. आज एका पंचेचाळिशीतल्या माणसाची चामडी चिरा पडून घट्ट झालेली, वर पांढरा थर. मेडिकलमधून आणलेलं मलम लावून महिने काढले होते. बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासली, तर तीनशेच्या वर. या माणसाला मधुमेह आहे हे त्याला आज, या तक्रारीमुळे कळलं. असं वारंवार होतं. म्हणून चामडीला सारखी खाज सुटत असेल, चिरा पडत असतील, तर मलमाआधी साखर तपासा.

एक आजी नातवाला घेऊन आल्या. रोज तेल लावून चामडी मागे ओढायची, असं त्यांना कुणीतरी शिकवलेलं. लहान मुलांची चामडी आतून चिकटलेलीच असते आणि वाढत्या वयात आपोआप सुटते. जोर केला की चीर पडते, व्रण धरतो आणि नसलेला आजार तयार होतो. लघवी करताना फुगा येत असेल, ताप येत असेल, तर दाखवायचं. आजींना पटलं.

दुपारी 1. कॅज्युअल्टीतून फोन. शिरपूर तालुक्यातल्या सातपुड्यातल्या पाड्यावरचा चोवीस वर्षांचा तरुण, सिकलसेलचा रुग्ण. पहाटेपासून लिंग ताठरलेलं, मनात काही नसताना, आणि वेदना असह्य. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि आत आलेलं रक्त बाहेर पडायची वाट बंद होते. प्राणवायू न मिळालेला स्नायू तासागणिक मरत जातो. चार तासांच्या पुढे गेलं की ती इमर्जन्सी. दीड दिवस गेला तर आयुष्यभराचं नुकसान बहुधा ठरलेलं. हा तरुण आठव्या तासाला पोहोचला. आधी कुणाला सांगायचं हेच त्याला सुचेना. बायकोला सांगितलं नाही, आईला तर नाहीच. शेवटी मित्राच्या मोटरसायकलवर बसून आला.

सलाइन, ऑक्सिजन, वेदनेचं इंजेक्शन सुरू केलं, पण त्यांच्यावर विसंबून थांबायचं नसतं. बाजूने सुई घालून रक्त ओढलं. काळपट, घट्ट. मग फेनिलएफ्रिन, सलाइनमध्ये पातळ केलेलं, थोडं थोडं, दर पाच मिनिटांनी. दरवेळी सिस्टर रक्तदाब मोजून आकडा मोठ्याने सांगतात, कारण हे औषध तो चढवतं. चौथ्या खेपेला सिरिंजमधलं रक्त लाल दिसलं आणि ताठरपणा उतरू लागला. तो रडत होता. मी त्याचा हात धरून बसलो, दुसरं काही बोलण्यासारखं नव्हतं.

धुळे-नंदुरबारच्या भिल्ल, पावरा वस्त्यांत सिकलसेल जुनाच आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 ला सुरू झाली, तपासण्या होतात, कार्डं मिळतात. कार्ड देताना सांधेदुखी, कावीळ यांच्याबरोबर या न उतरणाऱ्या ताठरपणाबद्दलही प्रत्येक वयात आलेल्या मुलाला स्पष्ट शब्दांत सांगितलं पाहिजे. आशाताईंना हे बोलणं जड जातं, म्हणून पाड्यावर पुरुष आरोग्यसेवकाने बोलावं. मी हे जिथे संधी मिळेल तिथे मांडतो.

चार वाजता ऑपरेशन थिएटर. टेबलावरच्या रुग्णाच्या बाबतीत काल रात्री संबंधाच्या वेळी ‘कट्’ असा आवाज झाला, ताठरपणा लगेच गेला आणि सगळं जांभळं पडलं. आत हाड नसतं, पण ताठर लिंगाचं आतलं आवरण फाटतं. त्यालाच फ्रॅक्चर म्हणतात. सेंटिमीटरभर चीर सापडली, शिवली. मूत्रनलिका शाबूत होती. नवराबायको दोघं एकत्र, न लपवता आले. अशांचं बहुतेक वेळा चांगलं होतं.

सहा. सगळ्यात अवघड काम. साठीतल्या अण्णांच्या कधीच न उघडलेल्या चामडीखाली गाठ होती. पाल्याचा लेप लावत वर्ष गेलं. तपासणीचा निकाल कॅन्सर. जांघेत गाठी लागतात. लहानपणी चामडी काढली असती, तंबाखू नसती, तर धोका बराच कमी असता. मुलाला वाटत होतं वडिलांना सांगू नये. मी सांगितलं. अण्णा म्हणाले, “मले आधी कोनी इचारंच नही.”

रात्री साडेनऊ. फोनवर कुणी दबक्या आवाजात विचारतो, सकाळी आलं तर चालेल का? लिंगाला मार, सूज, मागे अडकलेली चामडी, न उतरणारा ताठरपणा असेल, तर चालणार नाही. 108 फिरवा, “लघवीच्या जागेला इजा आहे” एवढंच सांगा आणि त्याच रात्री निघा.