होडी आणि इंजिन : लेखांक 6
पंखा बोज्याला शोभेल असा

मागच्या लेखांकात आपण आऊटबोर्डची अश्वशक्ती पाहिली. ही शक्ती पाण्याला देण्याचं काम पंख्याचं. इंजिन घेताना चार ठिकाणी चौकशी होते, पंखा मात्र इंजिनासोबत आलेलाच राहतो. पेट्रोल वाया जायला सुरुवात होते ती इथूनच.

पंख्यावर दोन आकडे असतात, दोन्ही इंचांत : व्यास आणि पिच. स्क्रू लाकडात शिरतो तसा पंखा एका फेऱ्यात जितका पुढे जाईल, तेवढा त्याचा पिच. पाणी हटत असल्यानं होडी प्रत्यक्षात कमी सरकते. या तुटीला स्लिप म्हणतात. समजा इंजिनाचे मिनिटाला 5000 फेरे आणि गिअर 2:1, म्हणजे पंख्याचे 2500. पिच 9 इंच असेल तर कागदावर वेग ताशी 34 किलोमीटर येतो. पण जाळी, बर्फ आणि माणसं घेऊन हेदवीहून निघालेली, पाण्यात 20 फूट लांबी असलेली जड होडी स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. ताशी 11 किलोमीटरच्या आसपास पोचली, की पुढचा थोडा वेगही फार महाग पडतो. अशा होडीला मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा पंखा हवा. पाण्यावर उचलून धावणाऱ्या हलक्या फायबर बोटीला जास्त पिच चालतो.

निवडीची कसोटी सोपी आहे. नेहमीचा बोजा भरा, शांत पाण्यात थ्रॉटल पूर्ण उघडा आणि टॅकोमीटर पाहा. इंजिनाच्या पुस्तिकेत कमाल फेऱ्यांची मर्यादा दिलेली असते, उदाहरणार्थ 5000 ते 6000. फेरे त्याखाली राहिले तर पिच जास्त आहे. इंजिन दमतं, काजळी धरतं. फेरे वर गेले तर पिच कमी आहे. पिच एक इंचानं बदलला की साधारण 150 ते 200 फेऱ्यांचा फरक पडतो. रिकाम्या होडीवर केलेली चाचणी फसवते.

बामणघळीच्या परिसरात किनारा कातळाचा आहे. ॲल्युमिनियमचा पंखा खडकाला लागला तर पातं वाकतं, पण गिअर बहुधा वाचतो. स्टेनलेस स्टीलचा पंखा तो धक्का आत पोचवतो. म्हणून इथे ॲल्युमिनियमच बरा, आणि सुटा पंखा होडीत हवाच. पात्याची कड खाचली असेल तर दुरुस्त करून घ्या. शाफ्टला गुंडाळलेला नायलॉनचा दोरा तेलाचं सील कापतो. तोही वेळोवेळी काढा.

योग्य पंखा बसला की पुढची बचत हातात आहे. पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे 20 टक्क्यांनी कमी केले तर शक्ती जवळपास निम्मी लागते. वेळ सव्वापट धरला तरी त्याच अंतराला इंधन साधारण एक तृतीयांश कमी जळतं. हा हिशेब जड, संथ होडीचा. उचलून धावणारी बोट अर्धवट उठलेल्या स्थितीत ठेवली तर उलट जास्त पिते. तवसाळ-जयगडच्या खाडीत भरतीबरोबर शिरलं आणि ओहोटीबरोबर बाहेर पडलं, तर प्रवाहाची मदत फुकट मिळते.

खर्च तासावर मोजू नका. मोबाइलच्या जीपीएसवर अंतर पाहा, टाकी त्याच खुणेपर्यंत भरा आणि दर किलोमीटरला किती पेट्रोल गेलं ते वहीत लिहा. पंखा बदलण्याआधीची आणि नंतरची नोंद शेजारी ठेवली, की पैसे वसूल झाले का ते तिथेच दिसेल.

पुढील लेखांकात : तळावरचं शेवाळ आणि त्याची किंमत.