न्याहारीला जिलबी चालेल का?

दोस्तांनो, हा प्रश्न घरी विचारून बघा. "काहीतरीच काय!" असं उत्तर येण्याची शक्यता जास्त. पण समजा तुम्ही इंदूरला राहत असता, तर? तिथे सकाळी सकाळी गाडीवर पोह्यांची प्लेट घेतली की सोबत गरमागरम जिलबी मागवतातच. बनारसमध्ये कचोरीबरोबर जिलबी असते, गुजरातेत फाफड्याबरोबर. स्पेनमध्ये तर चुरोस नावाचे तळलेले लांबट तुकडे घट्ट चॉकलेटमध्ये बुडवून न्याहारीला खातात. आणि आपण? आपल्याकडे सकाळी शिरा होतो, शिकरण-पोळी होते. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीनंतर तर फराळाच्या ताटात लाडू, करंजी आणि शंकरपाळे असतात, तेही उजाडायच्या आत!

म्हणजे सकाळी गोड खाणारी माणसं जगात खूप आहेत. ती चुकतात की बरोबर करतात, हे शास्त्रज्ञांनी चक्क तपासून पाहिलंय.

इस्राएलमध्ये तेल अवीव विद्यापीठात दानिएला याकुबोविच नावाच्या डॉक्टर आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजन फार वाढलेल्या 193 मोठ्या माणसांचे दोन गट केले. दिवसभरात खायच्या कॅलरी दोन्ही गटांना सारख्याच, बायकांना 1400 आणि पुरुषांना 1600. फरक होता तो न्याहारीत. पहिल्या गटाची न्याहारी छोटी, 300 कॅलरींची. तीत ब्रेडसारखे पिठाचे पदार्थ जेमतेम आणि गोड तर नाहीच. दुसऱ्या गटाची न्याहारी दुप्पट, 600 कॅलरींची. तीत भरपूर प्रथिनं होती आणि जोडीला केक, बिस्किट किंवा चॉकलेट असं काहीतरी गोड. सकाळी एवढं खाल्लं म्हणजे पुढच्या जेवणांत तेवढं कमी, हे ओघाने आलंच.

पहिले 16 आठवडे दोन्ही गटांचं वजन जवळजवळ सारखंच उतरलं, सरासरी 15 किलोंच्या आसपास. खरी गंमत पुढच्या 16 आठवड्यांत झाली. छोटी न्याहारी करणाऱ्यांचं वजन सुमारे साडेअकरा किलो परत वाढलं आणि सकाळी केक खाणाऱ्यांचं आणखी 7 किलो कमी झालं! हे निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी 'न्याहारीला केक खा, बारीक व्हा' अशा थाटाच्या बातम्या दिल्या.

थांबा, एवढ्यात आईला बातमी दाखवायला धावू नका. हे झालं कसं, ते आधी बघू.

आपल्या जठरात घ्रेलिन नावाचं एक संप्रेरक तयार होतं. 1999 साली ते जपानमधल्या मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांच्या गटाने शोधलं. पोट रिकामं झालं की घ्रेलिन रक्तातून मेंदूपर्यंत जातं आणि मेंदूला कळतं, भूक लागली. जेवलं की त्याचं प्रमाण उतरतं. तेल अवीवच्या प्रयोगात छोट्या न्याहारीनंतर घ्रेलिन सुमारे 30 टक्क्यांनी उतरलं आणि मोठ्या न्याहारीनंतर सुमारे 45 टक्क्यांनी. दुसऱ्या गटाला भूक कमी लागत होती आणि 'काहीतरी गोड हवंच' अशी तलफही कमी येत होती. पहिल्या गटातले लोक मात्र गोडाला आसुसलेले राहिले आणि पुढे ठरलेला आहार मोडू लागले.

आता नीट विचार करा. घ्रेलिन उतरलं ते केकमुळे की प्रथिनांमुळे? की एकूण न्याहारीच दुप्पट होती म्हणून? दोन गटांत एकाच वेळी तीन-तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, तर कोणत्या गोष्टीने काम केलं हे सांगता येत नाही. चांगला शास्त्रज्ञ पहिल्यांदा हीच शंका काढतो. मला स्वतःला वाटतं, त्या केकला जरा जास्तच श्रेय मिळालं. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरल्यासारखं राहतं, हे इतर अनेक प्रयोगांत दिसलेलं आहे. शिवाय तो प्रयोग वजन कमी करू पाहणाऱ्या मोठ्या माणसांवरचा होता. तुमच्यासारख्या वाढत्या वयाच्या मुलांवरचा नव्हता.

पण एक गोष्ट सकाळच्या बाजूने नक्की आहे, ती म्हणजे शरीराचं घड्याळ. कधी झोपायचं, कधी उठायचं, कधी कोणती संप्रेरकं सोडायची, याचं वेळापत्रक आपल्या पेशींमध्येच असतं. इवल्याशा फळमाशीत हे घड्याळ कसं चालतं, ते शोधल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्या स्वादुपिंडालाही असं घड्याळ असतं. स्वादुपिंड इन्सुलिन तयार करतं आणि इन्सुलिनमुळे रक्तातली साखर पेशींमध्ये जाते. सकाळी हे काम झटपट होतं, रात्री ते मंदावतं. म्हणून तोच पदार्थ, तेवढाच, सकाळी खाल्ला तर रक्तातली साखर कमी चढते आणि रात्री खाल्ला तर जास्त चढते. शिवाय सकाळी खाल्लं की दिवसभर शाळा, खेळ, सायकल असतं. रात्री दहाच्या आइस्क्रीमनंतर असतं ते फक्त अंथरूण!

मग सकाळी नुसतीच जिलबी खाल्ली तर? ते मात्र फसतं. साखर म्हणजे चुलीत टाकलेला वाळका पाचोळा. भस्सकन पेटतो आणि लगेच विझतो. डाळी, शेंगदाणे, दूध, अंडी ही जाड लाकडं, सावकाश जळत राहणारी. रिकाम्या पोटी नुसतं गोड खाल्लं की रक्तातली साखर भरकन चढते, मग इन्सुलिन ती खाली आणतं आणि मधल्या सुट्टीच्या कितीतरी आधी पोटात कावळे ओरडायला लागतात. तेच गोड पोटभर न्याहारीच्या मागून आलं, तर पोटातलं बाकीचं अन्न साखरेचा वेग कमी करतं. "आधी पोहे संपव, मग गोड," असं घरातली मोठी माणसं म्हणतात ना, ते अगदी बरोबर आहे. पोह्यांत मूठभर शेंगदाणे आणि मटार असतील तर आणखी उत्तम.

तसं पाहिलं तर गोड आवडणं ही आपली जन्मजात सवय. आईचं दूधसुद्धा गोडसरच असतं. रानात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांना गोड चव म्हणजे पिकलेलं फळ, म्हणजेच ताकद, असं कळायचं. मांजराला मात्र गोड चव कळतच नाही! तिच्या जिभेवर गोड ओळखणारी यंत्रणा बनवणारं एक जनुक बिघडलेलं असतं. मनीमाऊ बासुंदी चाटते ती साखरेसाठी नव्हे, दुधासाठी.

किती गोड चालेल, याचा हिशेब तुम्ही स्वतः करू शकता. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर, गूळ, मध यांतून दिवसभराच्या 10 टक्क्यांहून कमी ऊर्जा यावी, आणि 5 टक्क्यांहून कमी आली तर आणखी चांगलं. दिवसाला 1600 कॅलरी खाणारं मूल धरा. त्याचे 10 टक्के म्हणजे 160 कॅलरी. एक ग्रॅम साखरेत 4 कॅलरी, म्हणजे 40 ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेले 10 छोटे चमचे. 5 टक्के म्हणजे फक्त 5 चमचे. आता कोलाच्या 300 मिलीलीटरच्या बाटलीत साधारण 30 ग्रॅम साखर असते. उरलं काय? दुधात घातलेली साखर, जॅम, सॉस, बिस्किटं तर अजून मोजायचीच आहेत. सकाळी जिलबी हवी असेल, तर त्या दिवशी कोला नको, एवढं ठरवून टाका.

आणि दात? तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स नावाचे जिवाणू साखर खातात आणि आम्ल बनवतात. त्या आम्लाने दातांवरचं कठीण आवरण झिजतं. लाळ हे आम्ल धुऊन काढते, पण झोपेत लाळ कमी सुटते. म्हणून रात्रीचं गोड दातांना सगळ्यात वाईट. सकाळी खाल्लंत तरी नंतर खळखळून चूळ भराच. पाकातली जिलबी चिकट असते, ती फटींत अडकून बसते.

माझा कौल असा. न्याहारीच्या जागी गोड कधीच नको, न्याहारीच्या शेवटी थोडंसं कधीतरी चालेल आणि रात्री झोपताना खाण्यापेक्षा ते केव्हाही बरं. मधुमेह असलेल्या मुलांनी डॉक्टरांनी सांगितलेलंच पाळायचं.

येत्या दोन रविवारी घरच्यांना सांगून एक प्रयोग करून बघा. एका रविवारी न्याहारीला फक्त गूळपोळी खा. दुसऱ्या रविवारी आधी दह्याबरोबर थालीपीठ किंवा उसळ खा आणि मग गूळपोळीचा छोटा तुकडा. दोन्ही दिवशी अकरा वाजता भूक किती लागलीय, ते 1 ते 10 मध्ये गुण देऊन वहीत लिहा. भाऊ-बहीण, मित्रमैत्रिणी यांनाही सामील करून घ्या. जितकी जास्त मुलं, तितका प्रयोग पक्का!