मूळ मांडणी

परवा आमचा एक जुना विद्यार्थी फराळाला आला. संगणकाच्या नियंत्रण-फलकासाठी तो सेटिंगची लहान लहान पाने रचतो. १९९६ साली मॅथियास एट्रिख ह्या जर्मन विद्यार्थ्याने आरंभिलेल्या केडीई ह्या मोफत डेस्कटॉपात माऊसचे, कळफलकाचे, फाँटचे अशी निरनिराळी पाने असतात. मिसळणाच्या डब्यासारखीच, एक वाटी काढली तरी बाकीच्या जागच्या जागी!

"अशा पानाला यावे तरी काय काय?" मी विचारले.

"तीन गोष्टी, सर. जुनी आवड वाचणे, नवी जपून ठेवणे आणि चुकल्यास मूळ मांडणीवर परतणे."

"मग लिही, 'आचाऱ्यास शिधा दिला.'"

उमटले 'आचार्यास'! स्वयंपाक्याचा शिधा गुरुजींकडे गेला. बिचारा ओशाळला. मग त्याने कळफलकाच्या पानावर 'इन्स्क्रिप्ट' निवडले. शिफ्टसह जे, मग डी, मग य. 'आचाऱ्यास' उमटले आणि शिधा स्वयंपाकघरात आला.

वाचकहो, मूळ मांडणी बदलण्याच्या फंदात आपल्यापैकी कितीजण पडतात? मिळेल तेच आपण मुकाट्याने वापरतो. म्हणूनच ती ठरवणाऱ्याला यंत्राइतकीच मराठीही यायला हवी. जाताना तो म्हणाला, "सर, पुढच्या पानाची मराठी तुम्ही तपासाल?"

मी चष्मा पुसून ठेवला आहे.