पिलाचे वळण

इंदूरहून धारकडे जाताना बेटमा लागते. अशा गावात मुलांच्या हौसेखातर घरी कुत्र्याचे पिलू येते. पण चार दिवस फरशी ओली झाली, की कौतुक ओसरते. मग मार बसतो आणि अखेर पिलू रस्त्यावर येते. वस्तुतः दोष त्याचा नसतो.

कुत्र्याची जात मूळची स्वच्छ. सुमारे तीन आठवड्यांचे पिलू झोपण्याची जागा सोडून विधीला जाऊ लागते. परंतु दोन महिन्यांच्या पिलाला दोन-तीन तासांहून अधिक वेळ लघवी धरवत नाही. म्हणून झोपेतून उठताच, खाल्ल्यावर, खेळ संपल्यावर व रात्री निजण्यापूर्वी त्याला अंगणाच्या एकाच ठरलेल्या कोपऱ्यात न्यावे. तेथला वासच त्याला आठवण देतो. लसी पुऱ्या होईपर्यंत रस्त्यापेक्षा अंगण बरे. काम उरकताच, त्याच क्षणी, शाबासकी व भाकरीचा तुकडा द्यावा. खाण्याच्या वेळा नेमून द्याव्यात. पाणी मात्र तोडू नये.

घरात चूक झाल्यास त्याचे तोंड त्यात घासू नये. मागाहून केलेल्या शिक्षेचे कारण पिलाला उमगत नाही. ते माणसाला भिऊन लपून घाण करू लागते. जागा साबणाने धुऊन वास घालवावा. अमोनियायुक्त द्रव्य टाळावे. त्याचा वास मूत्रासारखाच असतो.

हे वळण पुरते अंगी बाणण्यास काही महिने लागतात. तेवढा धीर नसेल, तर पिलू आणूच नये. उपासमार होईल अशा रीतीने प्राणी टाकून देणे हा १९६० च्या कायद्यान्वये गुन्हा आहे.