परवानगी कोण तपासतो?

शाळेच्या कार्यालयाला कुलूप लावले की आतल्या कपाटांची काळजी आपण फारशी करत नाही. कपाटापर्यंत पोचायचे तर आधी दार उघडावे लागते. अनेक संगणक मिळून काम करत असतात तेव्हा मात्र हा तर्क फसू शकतो. कसा, ते 'झूकीपर' या प्रणालीच्या उदाहरणाने पाहू.

कोणते काम कोणाकडे, प्रमुख संगणक कोणता, अशा थोड्या पण मोलाच्या नोंदी झूकीपर सांभाळते. याहू कंपनीत ती तयार झाली. तिच्यावरचा शोधनिबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नोंदींची रचना झाडासारखी असते. फांदीला उपफांदी फुटावी तशी नोंदीखाली नोंद. या झाडाची प्रत समूहातल्या प्रत्येक संगणकावर असते. त्यामुळे ५ पैकी २ संगणक बंद पडले तरी काम चालू राहते.

प्रत्येक नोंदीला परवानग्यांची यादी जोडलेली असते. परवानग्या ५ : नोंद वाचणे, ती बदलणे, तिच्याखाली नवी नोंद जोडणे, खालची नोंद पुसणे आणि ही यादीच बदलणे. पण वरच्या नोंदीची बंधने खालच्या नोंदीला आपोआप लागू होत नाहीत. 'परीक्षा' ही नोंद बंद ठेवली आणि तिच्याखालची 'गुण' ही नोंद खुली राहिली, तर गुण कोणीही वाचू शकतो. पूर्ण पत्ता सांगितला की मधले दार उघडावे लागतच नाही. म्हणून प्रत्येक कपाटाला स्वतंत्र कुलूप हवे.

मग तपासणी कोण करतो? वाचण्याची विनंती ज्या संगणकाकडे येते, तोच आपल्या प्रतीतली यादी पाहून निर्णय घेतो. बदलाची विनंती समूहाच्या प्रमुखाकडे जाते, कारण बदलांचा क्रम एकानेच ठरवायला हवा. याचा एक परिणाम लक्षात घ्यायला हवा. एखाद्याची परवानगी काढून घेतल्याची बातमी एखाद्या संगणकाला उशिरा कळली, तर तेवढा वेळ तो जुन्या यादीप्रमाणेच वाचू देतो.

आणि एखादी तपासणी राहूनच गेली तर? २०१९ मध्ये असा एक दोष जाहीर झाला. नोंद वाचताना परवानगी तपासली जाई; पण परवानग्यांची यादीच मागितली, तर कोणतीही तपासणी होत नसे. त्या यादीत काही वेळा परवलीच्या शब्दावरून गणिताने काढलेली खूण असे. अशा खुणेशी ताडून शब्दाचा अंदाज बांधता येतो. त्याच वर्षीच्या आवृत्त्यांत हा दोष दूर केला गेला.

वर्गात विचारून पाहा : सगळ्या कपाटांना कुलपे आहेत, पण किल्ल्यांची वही टेबलावर उघडी पडली आहे. मग कपाटे बंद आहेत असे म्हणायचे का?