काळ्या दाण्यांतलं सोनं

पीव्हीसीचे पाइप ज्यापासून होतात ते व्हिनाइल क्लोराइड चीनमध्ये बहुतांशी कोळशातून मिळवलेल्या ॲसिटिलीनपासून बनतं. त्यासाठी उत्प्रेरक म्हणून पाऱ्याचा क्षार वापरत आले. उष्णतेने हा क्षार हळूहळू उडून जातो आणि पाऱ्याचं विष हवापाण्यात मिसळतं.

हेच काम सोनं जास्त चांगलं करील, असं भाकीत रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम हचिंग्ज यांनी १९८५ मध्ये केलं. कशाशीच सहज संयोग न पावणारं सोनं! पुढे वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठात त्यांच्या गटाने ते तडीस नेलं. या संशोधनाला वर्ल्ड गोल्ड कौन्सिलचाही पैसा मिळाला. ही सोन्याच्या खाण कंपन्यांचीच संघटना. दागिन्यांपलीकडे सोन्याला गिऱ्हाईक मिळावं, हा तिचा स्वार्थ उघड आहे. निष्कर्ष छापायची मोकळीक असेल, तर मला त्यात गैर वाटत नाही. पाऱ्याला पर्याय शोधणं फार आधीच व्हायला हवं होतं.

सोन्याचा हा उत्प्रेरक हातात घेतला, तर दिसतात नुसते कोळशाचे काळे दाणे. पिवळेपणाचा मागमूस नाही, कारण सोन्याचे अणू कार्बनवर सुटेसुटे विखुरलेले असतात. जॉन्सन मॅथी कंपनीने तो चीनमधल्या कारखान्यांपर्यंत पोहोचवला.