मोत्याला मोड नाही

कडेगावच्या पेठेतल्या एका सराफी दुकानात एक बाई जुनी नथ मोडायला घेऊन आली होती. मी त्याच बाकावर टेकले होते, मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाच्या खरेदीला सोबत म्हणून. कारागिरानं बारीक कातरीनं तार तोडली, मोती ताटलीत सांडले आणि तार तेवढी काट्यावर गेली. वजन आलं, भाव लागला, घट वजा झाली. मग त्यानं मोती वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधले आणि पुडी बाईंच्या हातावर ठेवली. "हे ठेवा तुमच्यापाशी. मोत्याला मोड नसते."

बाईंनी पुडी पिशवीत टाकली. त्यांना हे ठाऊक असावं. नथ म्हणून जिच्याकडे बघायचं ते सगळं त्या पुडीत होतं आणि पैसे मिळाले तारेचे. मुलीची नथ आणि तन्मणी याच दुकानात करायचं ठरलं, तेव्हा पुढच्या फेऱ्यांना मी न बोलावता जाऊ लागले.

या मुलखाला सोनं शिकवावं लागत नाही. खानापूर, कडेगाव, आटपाडी हा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या पावसानं हुलकावणी दिलेला. इथली माणसं गलाईच्या धंद्यात बाहेर पडली आणि केरळ-तामिळनाडूपासून उत्तरेपर्यंतच्या सराफ बाजारांत मुशी आणि तेजाब घेऊन बसली. लोकांचे मोडके दागिने आटवायचे, खोट काढायची, शुद्ध सोनं परत द्यायचं. आता टेंभू-ताकारी योजनांचं पाणी आलं, उसाचे फड उभे राहिले, तरी ज्यातलं कोणीच गलाईत नाही असं घर या भागात शोधावं लागेल. दुकानात रोज येऊन बसणारे एक दादा असेच, उमेद दक्षिणेत घालवून गावी परतलेले. त्यांच्या बोलण्यात एक आकडा सारखा यायचा: ९१६. हजार भागांत नऊशे सोळा भाग शुद्ध, म्हणजे बावीस कॅरेट. चहा चांगला झाला तरी "एकदम नऊशे सोळा" म्हणायचे.

मी त्यांना विचारलं, मुशीत मोती गेला तर?

"चुना," दादा म्हणाले. "सोनं आगीत गेलं की खरं होतं. मोती आगीत गेला की चुना होतो."

रसायनशास्त्रही हेच सांगेल. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, त्याला धरून ठेवणारं थोडं सेंद्रिय द्रव्य आणि किंचित पाणी. सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं. तोवर मोत्याचं मोतीपण केव्हाच संपलेलं असतं. आग, तेजाब, कसोटीचा दगड या सोन्याच्या तिन्ही परीक्षांत मोती नापासच नाही, तर नाहीसा होतो. मग तो पारखायचा कसा?

पारखणारी बाई दाराजवळच्या कोपऱ्यात बसायची. सगळे तिला काकी म्हणत. समोर पितळी ताटली, काळ्या मखमलीचा विटका तुकडा, सुया, दोऱ्याची रिळं आणि मेणाचा एक गोळा. दोरा त्या गोळ्यावरून ओढला की तापल्या मेणाचा मंद वास सुटायचा. आतल्या खोलीतून मधूनच तेजाबाचा उग्र भपका यायचा आणि तो वास गिळून टाकायचा. मला दुकान आठवतं ते या दोन वासांच्या भांडणानं. काकीनं सासूकडून शिकलेली ही कला, दागिने गाठवण्याची. पूर्वी हे काम पटवेकरी करत, रेशीम आणि जरीच्या गोंड्यांत. आता बरंचसं काम घरोघरच्या बायकांच्या हातात आलं आहे आणि रेशमाच्या जागी पुष्कळदा नायलॉन.

मुलीसमोर सराफांनी लडी टाकल्या होत्या. तिनं झटकन सगळ्यात पांढरी उचलली. काकी म्हणाली, "हितं ये पोरी, दाराशी. ट्यूबखाली मोती घेऊ नये. ट्यूब सगळ्यांनाच गोरं करती."

दारातल्या उजेडात त्याच लडी वेगळ्या दिसल्या. पांढरीशुभ्र लड खडूसारखी मेली. किंचित साय रंगाची दुसरी लड मात्र आतून उजळल्यासारखी झाली. काकीनं तिच्यातला एक मोती बोटांत धरून मुलीच्या डोळ्यांजवळ नेला. "खिडकीचे गज दिसतात का बघ त्यात." दिसत होते, बारीक, वाकलेले, पण रेघ न्‌ रेघ सुटी. पहिल्या लडीत नुसता पांढरा धूसर डाग. पाणी म्हणतात ते हेच. शिंपला मोत्यावर थरावर थर चढवतो, प्रत्येक थर केसाहूनही कितीतरी पातळ. थर दाट आणि नीट बसले असतील तर उजेड त्यांत खेळून बाहेर येतो. घाईनं वाढवलेल्या, पातळ थराच्या मोत्याला तो खेळ जमत नाही. अगदी दुधासारखा पांढरा मोती बहुधा धुऊन विरंजलेला असतो. त्यानं मोती खोटा ठरत नाही, पण त्या पांढरेपणासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

पाणी बघून झालं की वेज, म्हणजे दोरा ओवायचं भोक. काकी भिंग लावून मोत्याच्या वेजाच्या कडेकडे बघते. नकली मोत्याचा मुलामा तिथे पापुद्र्यासारखा सुटलेला असतो, खाली काच किंवा प्लास्टिक दिसतं. रंगवलेल्या मोत्याचा रंग वेजापाशी साकळलेला असतो. आणि समुद्रातल्या कल्चर, म्हणजे माणसानं रुजवलेल्या, मोत्यात कधी कधी दोन थरांची सीमा दिसते: आत शिंपल्याचाच घडवलेला गोल मणी, वर मोत्याचं कवच.

इथे ग्राहकाला चक्रावणारी गोष्ट आहे. जपानी अकोया मोती महाग, पण त्याच्या पोटात तो मणी असतो आणि वरचं कवच पुष्कळदा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ. चीनमधल्या तळ्यांतल्या शिंपल्यांत, म्हणजे गोड्या पाण्यात, बहुतेकदा मणी घालतच नाहीत. नुसता मांसल तुकडा रुजवतात आणि एका शिंपल्यातून तीस-चाळीस मोती काढतात. ते स्वस्त, पण जवळजवळ सगळेच्या सगळे मोतीच. अकोयाचे जादा पैसे गोलाईचे, लखलखाटाचे आणि जोड लागण्याचे. कुडीत एका कानाला सात मोती, दोन कानांना चौदा. ते चौदा एका मापाचे, एका रंगाचे, एका पाण्याचे मिळवणं हे काकीच्या मते खरं अवघड काम. नथीला एवढी जोड लागत नाही, तिथे लहानमोठे मोती चढउतारानं बसवायचे असतात. म्हणून नथीला थोडा वेडावाकडा पण पाणीदार मोती घ्यावा आणि पैसे कुडीत घालावेत, असा तिचा स्वच्छ सल्ला. मला तो दुकानातल्या सगळ्या माहितीपत्रकांपेक्षा शहाणपणाचा वाटला.

तेवढ्यात एका गिऱ्हाइकानं आजीच्या चिंचपेटीचे मोती बसरा आहेत असं अभिमानानं सांगितलं आणि पुरावा म्हणून मोती दाताला घासून दाखवला. रवाळ लागला. काकी काही बोलली नाही. दाताला रवाळ लागतो तो प्रत्येक खरा मोती, तळ्यातला चिनीसुद्धा. त्या परीक्षेत फक्त काच आणि प्लास्टिक पकडलं जातं. मोती निसर्गानं घडवलेला की माणसानं रुजवलेला, हे प्रयोगशाळेत क्ष-किरणांखालीच ठरतं. मराठी घरांतला प्रत्येक जुना मोती बसराच असतो, यावर माझा फारसा विश्वास नाही. पण आजीच्या बाबतीत हा वाद कोण घालणार!

बसरा हे मुळात बंदर. मोती निघायचे बहारीन-कुवेतकडच्या आखातात, पाणबुड्यांच्या दमावर, आणि विकायला यायचे मुंबईत. आखातातल्या व्यापाऱ्यांच्या मुंबईत पेढ्या होत्या. चाळण्यांतून मोती मापानुसार पडायचे आणि भाव 'चव' काढून ठरायचा: वजनाचा वर्ग करायचा आणि नगांनी भागायचं. म्हणजे मोती दुप्पट वजनाचा झाला की किंमत दुप्पट नव्हे, चौपट. १९१२ साली पॅरिसच्या जवाहिऱ्या घराण्यातला झाक कार्तिए मोत्यांसाठी आखातात गेला, तेव्हा त्या धंद्याच्या नाड्या मुंबईच्या हातात होत्या. १९१७ मध्ये त्याच घराण्यानं न्यूयॉर्कमधली मोक्याची हवेली एका दुपदरी मोत्यांच्या हाराच्या बदल्यात मिळवली. हाराची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर मानली होती. तोच हार १९५७ मध्ये लिलावात दीड लाख डॉलरच्या आसपास गेला. मधल्या काळात जपानच्या मिकिमोतोचे कल्चर मोती जगभर पसरले होते, १९२९ ची मंदी येऊन गेली होती आणि आखाताला तेल सापडलं होतं. त्या हवेलीत मात्र आजही कार्तिए याच नावाचं दुकान आहे.

उलटंही होतं. बडोद्याच्या गायकवाडांच्या सात पदरी हारातल्या मोत्यांचा म्हणून ओळखला जाणारा दोन पदरी हार २००७ मध्ये न्यूयॉर्कला सुमारे ७१ लाख डॉलरला विकला गेला. पण त्यामागे गायकवाडांचं नाव होतं, निसर्गमोत्यांची आता उरलेली दुर्मीळता होती. कडेगावच्या बाईच्या पुडीला यातलं काहीच नाही. दादांना ही कार्तिएची गोष्ट सांगितली, तेव्हा ते खूश झाले. "मी म्हणत होतो! मोत्याला नऊशे सोळा नाही."

"नसू दे की," काकी सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली. "नऊशे सोळा नाकात घालून कोण मिरवतंय? दिसतात मोतीच."

दुकानात मोत्याबद्दल सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न मात्र पाण्याचाही नव्हता आणि जातीचाही. कोणत्या राशीला, कोणत्या बोटात. चांदीत, करंगळीत, सोमवारी, असं उत्तर मिळे आणि अंगठी खपे. दुसरा प्रश्न शेततळ्यातल्या मोत्यांचा. भुवनेश्वरच्या मत्स्यसंशोधन संस्थेनं गोड्या पाण्यातल्या मोत्यांचं तंत्र बसवलं आहे, ते खरं आहे. पण शिंपला जगवणं, त्यावर शस्त्रक्रिया करणं आणि शेवटी खपेल असा मोती हाती येणं या तिन्ही वेगवेगळ्या परीक्षा आहेत. 'लाखोंची कमाई' सांगणारे पहिलीबद्दलही नीट बोलत नाहीत.

तन्मणी गाठवायला काकीला दुपार लागली. साबुदाण्याएवढ्या मोत्यांचे पदर, मध्ये खोड. पदर सारखे पडले नाहीत म्हणून तिनं दोन उसवले, कुणी सांगितलं नव्हतं तरी. मोठ्या मोत्यांच्या एकपदरी माळेत ती प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारते, म्हणजे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटला तर एखादाच घरंगळतो. कडेगाव मोहरममधल्या गगनचुंबी ताबुतांसाठी प्रसिद्ध आहे, तिथली बांधणी बघायला पुण्या-मुंबईहून लोक येतात. या कोपऱ्यातली बांधणी बघायला कोणी थांबत नाही.

जपणुकीचं तिनं मुलीला एका दमात सांगून टाकलं. सेंट, पावडर, केसांचा फवारा सगळं आधी, मोती शेवटी, आणि काढताना मोती पहिले. घाम, लिंबू, व्हिनेगर यांतलं आम्ल मोत्याचं पाणी उतरवतं. मऊ ओलसर फडक्यानं पुसायचे, गाठवलेला दागिना पाण्यात बुडवायचा नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट कोंडून लॉकरमध्ये वर्षानुवर्षे ठेवायचे नाहीत. सोन्याच्या पाटल्यांबरोबर एका डबीत तर नाहीच, कारण मोती मऊ, त्याला चरे पडतात. "आणि घालत जा," ती म्हणाली. "दोरा सैल झाला की आण परत."

शेवटी बिल आलं. दादांनी चष्मा चढवला आणि बोट ठेवून वाचलं: नथीचं एकूण वजन, त्यातून मोती-खड्यांचं वजन वजा, खाली निव्वळ सोनं. ही वजाबाकी प्रत्येकानं स्वतः बघावी. जिथे ती नसते तिथे मोती सोन्याच्या भावानं विकले जातात. त्याखाली ९१६, हॉलमार्कचा सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक, घडणावळ, कर. मोत्यांसमोर नुसती रक्कम होती. मैत्रीण म्हणाली, कोणते मोती ते लिहून द्या. सराफ हसले, "वैनी, आजवर कोणी मागितलं नाही." पण त्यांनी पेन काढून लिहिलं: गोड्या पाण्यातले, कल्चर, आणि मिलिमीटरमधलं माप.

"लिहिताय तर गाठवणीचं पण लिहा की," कोपऱ्यातून काकी म्हणाली.

ते घडणावळीतच धरलं आहे, असं सराफांनी सांगितलं.